भावजींच्या काचेची मोटार

...आणि वर मलाच म्हणतात, "तुला यातलं काय कळतं?" अहो, नाही कळत! पण माझ्या कमरेला विचारा ना! गाडीचा अख्खा दरवाजा भर बाजारातून वाहून नेलाय, तुम्हाला सांगतो, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भावजी. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात एकच वाक्य, "बसेल रे, का नाही बसणार?"

झालं काय, त्यांच्या म्हाताऱ्या गाडीची मागची काच. बटण दाबलं, आत काहीतरी घर्रर्र झालं आणि काच जी दारात उतरली ती उतरलीच! आणि मुहूर्त बघा... भाची बाळंत झालेली, रविवारी बाळाला दवाखान्यातून घरी आणायचं, भावजींची पहिली नात! ताईने बजावलं, "अहो, एवढ्याशा जिवाला वारा लागला तर माझ्याशी गाठ आहे!"

मेकॅनिक म्हणाला, "काचेची मोटार गेलीय, काच वर-खाली करते ती. नवी आता मिळायची नाही. भंगारवाल्यांकडे बघा." भावजी निघाले! आणि मी? ताईचा भाऊ ना... निघालो!

भंगारवाला विचारतो, "डावी की उजवी?"

"डावी."

"आत बसून डावी, का समोरून बघून डावी?"

आता आली का पंचाईत! भावजी तिथेच हवेत खुर्ची केल्यासारखे बसले, दोन्ही हातांनी नसलेलं स्टिअरिंग धरलं, मान वळवून मागे बघितलं... सगळं दुकान बघतंय हो! शेवटी एक मोटार उचलली. "बसेल रे, का नाही बसणार?" नाही बसली! उजवीकडची होती. परत गेलो, दुसरी आणली. ही बसली बरं का! सगळी भोकं जुळली, वायर जुळली, भावजींनी मला मिठीसुद्धा मारली... फक्त ती फिरेना. मेलेलीच होती बिचारी!

शनिवार उजाडला. भावजी म्हणाले, "आता दरवाजाच नेऊ. लावूनच बघू."

म्हटलं, "अहो, मग गाडीच नेऊ की!"

"भंगारवाल्याच्या बोळात गाडी शिरते का?" खरंय म्हणा, त्या बोळात गाड्या तुकड्यातुकड्यानेच शिरतात!

मेकॅनिकने दार उतरवून दिलं आणि आमची वरात निघाली. भावजी पुढे ओरडतायत, "सरका, सरका, दार येतंय!" एक आजीबाई मला विचारतात, "दार मिळालं वाटतं? आता घर शोधताय का?"

दार भिंतीला टेकवलं आणि आत ढिगाऱ्यात शिरलो. कोपरापर्यंत काळे होऊन बाहेर येतो तर काय... एक जाडजूड गृहस्थ आमच्या दारावर टकटक करून बघतायत आणि भंगारवाला सांगतोय, "एकदम स्वच्छ माल! आत्ताच आलाय!"

भावजींनी धावत जाऊन दाराला कवटाळलं. "अहो, माझं आहे हे!"

भंगारवाला शांतपणे म्हणतो, "साहेब, इथलं सगळंच कधीतरी कुणाचंतरी होतं!"

गृहस्थ हिरमुसले. म्हणाले, "माझीही हीच गाडी हो. हेच दार चेपलंय, काच पार फुटलीय. मोटार तेवढी ठणठणीत आहे, पण तिचं काय करू?"

मीच ओरडलो, "आम्हाला द्या!"

"घ्या की! मला अख्खं दार घ्यायचंच आहे, त्यात मोटार येईलच. पण तुमच्या दारात बसेल ना ही?"

आयुष्यात पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, भावजी गप्प! नुसते हात जोडून उभे. मग मीच म्हटलं, "बसेल हो, का नाही बसणार?" बोळाबाहेरच त्यांची गाडी उभी होती, तिच्यातून मोटार काढून आणली.

बसली! भंगारवाल्याने बॅटरीला वायर टेकवली आणि काच अशी डौलात वर आली... गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या, भंगारवाल्याने वाजवल्या, मीही दार सोडून वाजवल्या. भावजी डोळे पुसत होते. हात काळे, त्यामुळे तोंडही काळं!

रविवारी बाळ आलं घरी, झोपेत, वाऱ्याची झुळूकसुद्धा न लागता. आता रोज पाहुणे येतात बाळ बघायला आणि भावजी त्यांना खाली नेऊन काच दाखवतात! वर... खाली... परत वर! मी म्हटलं, "ताई, अगं, आवर की यांना!"

तर ताई म्हणते, "असू दे रे. बाळ काय, दिवसभर झोपलेलंच असतं. काच निदान काहीतरी करून तरी दाखवते!"