उंटीण कुठे बसणार?

अरे, आमच्या ओमानी अर्बाबने, म्हणजे मालकाने, एकदा चाकांवरचं अख्खं घरच विकत घेतलं! त्या ट्रेलरची मान पिकअपच्या हौद्यात टेकते. म्हणून मी, त्याचा मेकॅनिक, तगडा पिकअप निवडला आणि हौद्यात मधोमध ट्रेलर जोडायचा दणकट हिच बसवला. मनाने तर मी सलालाच्या हिरव्या डोंगरांत पोचलोसुद्धा होतो.

अर्बाब हौद्याकडे बघतच राहिला. "आणि माझी उंटीण कुठे बसणार?"

"ट्रेलरमध्ये, अर्बाब."

"बंद खोलीत? तिला वारा खात जायला आवडतं. काढ तो हिच. खलास!"

आता उंटीण हौद्यात बसून, डोळे अर्धवट मिटून, समुद्राच्या कडेने खाबुरा गावाला जाते. घर इथे आमच्या अझैब्यातच उभं आहे. दुपारी मी त्यात चहा घेऊन बसतो आणि सलालाला जाऊन येतो.