एकवीस गिअरची चेन

नाही, पण मला एक सांगा, चांगल्या चालत्या सायकलची चेन कुणी मोजतं का हो? पुसतात, तेल घालतात, पँट अडकली की शिव्या घालतात, ते सगळं कबूल... पण मोजतं का कुणी? तुम्ही मोजलीत कधी? तुमच्या शेजाऱ्याने? बघा! आमच्या दाजींनी मोजली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापं तपासणारे निरीक्षक, खिशात एक वेळ रुमाल नसेल पण स्टीलची पट्टी असणार म्हणजे असणार. आणि स्वभाव कसा, तर चौकस! म्हणजे इतका चौकस की समोर पंखा फिरत असेल तर तुम्ही-आम्ही वारा खातो, दाजी विचारणार, 'पण हा याच बाजूने का फिरतो?' फिरू द्या ना! वारा येतोय ना! पण नाही.

आणि मोजली ती स्वतःची नव्हे, ताईची. ताई दवाखान्यात नर्स आहे. दर रविवारी सकाळी त्यांची पाच-सहा बायकांची टोळी सायकली काढते आणि टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येते. आता टेकडी काही फार मोठी नाही, पण शेवटचं वळण म्हणजे नुसता उभा चढ, आणि तिथे आमच्या ताईचा पाय दर वेळी टेकतो म्हणजे टेकतोच! तो टेकला रे टेकला की मागून टोळीतल्याच त्या दवाखान्याच्या लॅबवाल्या बाई येणार, अगदी गोड आवाजात, 'अगंबाई, उतरलात का सिस्टर? उतरा उतरा, गुडघे सांभाळा हं!' ऐकूनच अंगाचा तिळपापड होतो की नाही? ताईचा झाला. तिने जाहीर करून टाकलं, "या रविवारी पाय टेकला तर सायकल विकून टाकीन आणि पुन्हा तिचं नाव काढणार नाही." आणि ताई बोलली म्हणजे करणार. एकदा अशीच रागाने म्हणाली होती की चहात साखर घालणार नाही, ती आजतागायत घातलेली नाही. दाजी धास्तावले हो. कारण टेकडीवरून आली की ताई दिवसभर गुणगुणत असते, आणि दाजींचं सगळं सुख त्या गुणगुणण्यात आहे. ते बोलून दाखवत नाहीत, पण मला दिसतं.

म्हणून माणूस मदतीला गेला. सायकल पुसायला घेतली, पुसता पुसता पट्टी बाहेर आली आणि घात झाला. मला फोन! "अरे, असशील तसा ये!" मी धावत गेलो, म्हटलं कोण पडलं, काय झालं... तर दाजी बोळात उकिडवे बसलेले, डोळे असे विस्फारलेले. "हे बघ. चेनमधली खीळ न् खीळ अर्ध्या-अर्ध्या इंचावर असायला पाहिजे. पट्टीच्या टोकाला बरोबर खीळ यायला हवी. आली का?" नव्हती आली. थोडीशी पुढे सरकली होती. "म्हणजे फूटभर चेन फूटभर नाहीच!" मी म्हटलं, "दाजी, चेनच तर आहे!" "अरे, मापात पाप आहे हे!" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने उभा जन्म दुकानदारांची मापं पकडण्यात घालवला त्याच्या स्वतःच्या बायकोची चेन खोटी निघावी? आतून ताई ओरडली, "अहो, चालतेय ना? चेनच तर आहे!" पण आता कुणाचं ऐकतायत!

निघालो दुकानात. आम्ही गल्लीत शिरतोय तोच किराणावाल्याने दाजींना पाहून अर्धं शटर खाली ओढलं. सायकलवाला उभाच राहिला. "साहेब, आपल्याकडे तराजू नाही हो! हवा मारायचा पंप आहे, तोही मोडलेला!" दाजी म्हणाले, "मी गिऱ्हाईक म्हणून आलोय. एकवीस गिअरची चेन द्या." आता हे एकवीस कुठून आलं? तर सायकलला पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सात, सात त्रिक एकवीस! बिनचूक हिशोब! सायकलवाला डोकं खाजवायला लागला. "एकवीसची... नसते साहेब. चेन फक्त मागच्या चकत्या बघते. सात ना? मग ही घ्या." खोका हातात. खोक्यावर काय लिहिलेलं? सहा-सात-आठ. झालं! दाजींचा चेहरा असा, जणू भर बाजारात कुणी दगडाचं वजन वापरताना सापडला. "सहा, की सात, की आठ?" "तिन्हीला चालते साहेब." "तिन्हीला कसं चालेल? माप म्हणजे माप! उद्या तुम्ही मला सहा-सात-आठ किलो साखर द्याल!" "साहेब, चेनच तर आहे!" तो बिचारा अगदी काकुळतीला आला. मग त्याने दाखवलं, की मागे चकत्या वाढल्या की त्या जवळ जवळ बसवतात आणि चेन बारीक करावी लागते, पण आठपर्यंत एकच जाडी पुरते. दाजी खुलले! "अस्सं? पण मग नऊपासूनच का बारीक? आठला का नाही?" ...आम्ही तिथे किती वेळ होतो ते विचारू नका. सायकलवाला शेवटी म्हणाला, "साहेब, तराजूच तपासा ना त्यापेक्षा, कुठूनतरी आणतो!"

घरी आलो. जुनी चेन काढली, दारावरच्या खिळ्याला नवी आणि जुनी शेजारी शेजारी टांगल्या, नवी जास्तीची होती ती कड्या मोजून तोडली. दोन्हीच्या कड्या अगदी सारख्या, मी स्वतः मोजल्या. आणि तरी जुनी खाली लोंबतेय! चांगली बोटभर! दाजी खाली बसले, वर बसले, एक डोळा मिटून बसले. "कड्या तेवढ्याच, मग लांबी आली कुठून? लोखंड वाढलं?" ताई लाटणं घेऊन बाहेर आली. "आधी नवी बसवा! मग काय संशोधन करायचंय ते करा!" तेवढं मात्र ऐकलं हं. नवी बसवली, मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवलं, आणि काय फिरली म्हणता! सुर्र्! आवाज नाही, कुरकुर नाही. दाजी म्हणाले, "रेशीम!" मी म्हणालो, "रेशीम!" ताईसुद्धा म्हणाली, "छान आहे हो." तिथे थांबायचं की नाही? शहाणा माणूस तिथे थांबतो.

दाजी जुनी चेन घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. चेन तोडायचं ते छोटं हत्यार असतं ना, स्क्रू फिरवला की खीळ बाहेर ढकलतं, त्याने एकेक खीळ काढली आणि वाटीत टाकली. ताई म्हणाली, "अहो, ती वाटी आमटीची आहे!" ऐकणार कोण! आणि मी तरी काय, उठून घरी जायचं तर खुर्ची ओढून शेजारी बसलो. कारण खरं सांगू का? मलाही आता चैन पडेना, गेली कुठे ती बोटभर लांबी? आणि सापडली हो! खीळ नखाने चाचपली तर मधोमध खाच. अगदी बारीक, पण नख अडकत होतं. म्हणजे लोखंड तसूभर वाढलेलं नव्हतं, प्रत्येक खीळ कणाकणाने झिजली होती, आणि सगळ्या झिजा मिळून बोटभर ढिलाई! दाजी इतके हरखले, म्हणाले, "बघ, कुणी एकाने चोरी केलेली नाही, सगळ्यांनी चिमूट चिमूट केलीये!" संध्याकाळपर्यंत जुन्या चेनची नुसती भाजणी झाली होती. परत जोडायची म्हटलं तर देवाला जमलं नसतं.

रविवार उजाडला. ताई पुढे, टोळीत. मागे माझी स्कूटर, आणि स्कूटरवर माझ्या मागे दाजी, मांडीवर हत्यारांची पिशवी, ती माझ्या पाठीत टोचतेय. सपाट रस्त्यावर काय झोकात चालली होती म्हणता! टेकडीच्या पायथ्याशी शाळेमागे एक लहानसा चढ आहे, तिथे ताईने पेडलवर जोर दिला आणि खट्! पुन्हा जोर, पुन्हा खट्! चेन दात्यांवरून उडी मारतेय आणि पेडल रिकामं खाली जातंय, ताई पडता पडता वाचली. उतरली. खरा चढ अजून सुरूसुद्धा व्हायचाय आणि पाय जमिनीवर! आणि आल्याच लॅबवाल्या बाई. "अगंबाई, आज इथेच उतरलात का सिस्टर?" ताईने दाजींकडे असं पाहिलं... मी दवाखान्यातले भले भले पेशंट त्या नजरेने गप्प झालेले पाहिलेत. "चेनच तर आहे ना?" ताई म्हणाली. "जुनी घाला परत. आत्ता."

जुनी! ती आमटीच्या वाटीत! मी आकाशाकडे पाहायला लागलो. पण दाजी कुठेयत? दाजी मागच्या चाकाशी पालथे! "अगं, इकडे बघ, काय गंमत आहे!" गंमत! बाईचे डोळे भरून आलेत आणि याला गंमत! "या सात चकत्यांपैकी एकाच चकतीचे दाते झिजून टोकदार झालेत. जुनी चेन याच चकतीबरोबर झिजली, म्हणून तिला धरून होती. नवी अगदी बरोबर मापाची, तिला हे दाते बसतच नाहीत. पण बाकीच्या सहा चकत्या कोऱ्या करकरीत! दुकानातून आल्या तशा! पण असं का?" ताई दात ओठ खात म्हणाली, "कारण मी याच गिअरवर चालवते! पहिल्या दिवसापासून!" "एकवीसपैकी एकच?" "एकच!" दाजी म्हणाले, "मग दुसरा घालून बघू." "नको! हात लावू नका! चेन पडेल!" पण मी चाक उचललं, दाजींनी पेडल फिरवलं, दुसऱ्या हाताने हँडलवरचा गिअर बदलायचा खटका ढकलला. आधी हलेना, मग कुरकुरला, करकरला, आणि चेन एकेक पायरी चढत मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर जाऊन बसली. "पाय टेकला की नाही ते इथून मोजू," दाजी म्हणाले, "खरा चढ इथून पुढे आहे. बस."

बसली बिचारी. करते काय? आणि तुम्हाला सांगतो, पाय असे भराभर फिरायला लागले, सायकल मुंगीच्या पावलाने, पण खट् नाही, थांबणं नाही! पहिलं वळण, दुसरं वळण... मी स्कूटर अगदी रांगवत मागे, दाजींचा श्वास माझ्या मानेवर, म्हणजे श्वास नाहीच, धरून ठेवलेला! शेवटचं वळण आलं. लॅबवाल्या बाई पुढे होत्या, उभं राहून पेडल मारत होत्या, आणि उतरल्या हो! पाय टेकला! ताई शेजारून गेली, टुकूटुकू, टुकूटुकू, आणि काय बोलली असेल? काही नाही! एक शब्द नाही! ती माझी बहीण आहे, मला वाटलं आता ऐकवणार, पण तिने फक्त घंटी वाजवली. टाकीपाशी पोचून तिने पाय टेकला तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती.

दाजी उड्या मारत गेले. "बघ! नवी चेन!" ताई धापा टाकत म्हणाली, "चेन कसली डोंबलाची! हा गिअर सायकलला आधीपासून होता ना? मग हा चढ मी जुन्या चेनवरही चढले असते! पहिल्याच रविवारी!" "तेच तर मी म्हणतोय!" दाजींचे डोळे चमकले. "एवढे गिअर असताना तू ते बदलले का नाहीस?" ताईने पाण्याची बाटली उघडली, सावकाश दोन घोट घेतले. "सायकल आणली त्या दिवशी तुम्हीच बजावलं होतंत. त्या खटक्याला हात लावायचा नाही, उगाच चेन झिजेल."

मला वाटलं, आता हा माणूस कान धरेल, चुकलो म्हणेल, निदान खाली तरी बघेल... दाजी अगदी निरागसपणे माझ्याकडे वळून म्हणाले, "मी असं म्हणालो असणार हे खरं... पण का म्हणालो असेन रे?" आता काय डोकं फोडून घ्यायचं? बायका खाली गेल्या, ताई घरी पोचून आंघोळ करून मोकळी झाली, ऊन डोक्यावर आलं, आणि आम्ही दोघं टाकीखालीच. दाजी आठवत होते.