पेवात ठेवलेली टाकी

आजच्या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय आबासाहेब. ज्यांच्यासाठी हा मांडव घातला त्या सत्कारमूर्ती, गॅस एजन्सीच्या तपासनीस प्रियदर्शनी मॅडम. स्टेजवर दाटीनं बसलेली समदी मानाची माणसं. आणि खाली सतरंजीवर बसलेल्या माझ्या आयाबायांनो, लेकरांनो, तुमा सगळ्यांना या सुंदरबाईचा नमस्कार.

रविराज सर मघाशी कानात म्हणले, "आजी, थोडक्यात आटपा, आणि मॅडमबद्दल चार चांगले शब्द बोला." सर, मी दुसरीतून शाळा सोडली. चांगले शब्द तिसरीत शिकवत असतील. माझ्याकडं हायेत ते घ्या गोड मानून.

मागं लेकरू रडतंय, ते सगळ्यांना ऐकू जातंय. सरांनी माइकवर सांगितलं, रडणारं मूल बाहेर न्या. मी म्हणते, न्हाई न्यायचं. ती माझी पणती हाय, नात संस्कृतीची लेक. आजच्या भाषणात माझ्यापेक्षा तिचा हक्क जास्ती. कावून, ते सांगते.

गेल्या चैतातली गोष्ट. माझा ल्योक बंकट आणि सून चतुराबाई ऊसतोडीहून आलते. संस्कृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलती. नेकनूरच्या दवाखान्यात पोट फाडून लेक झाली. चांगल्या आठवड्यानं मायलेकीला घरी सोडलं. दवाखान्यात काय शेक न्हाई, शेगडी न्हाई, ओव्याची धुरी न्हाई. मी म्हणलं, माझी नात गार पडली तिथं. घरी आणली की पहिल्यांदा बाजंखाली इंगळ ठेवायचे अन् मायलेकीला चांगला शेक द्यायचा. यात माझं काय चुकलं? तुमच्यातल्या कुठल्या बाईनं शेक दिला न्हाई, सांगा बरं!

आता बंकटची हुशारी ऐका. नव्या पोरांना पेव ठाऊक नसंल. आधीच्या काळी घरात जमिनीखाली रांजणागत खड्डा खोदायचे, त्यात जवारी भरायची, वर फरशी टाकायची. आमच्या आतल्या खोलीत तसलं पेव हाय. जवारी कवाच सरली. बंकट ऊसतोडीला निघताना गॅसची टाकी पेवात सोडून गेलता. म्हणला, "आई, आता चोराच्या बापाला सापडत न्हाई." आल्यावर ती वर काढायचा त्यानं कंटाळा केला. तिथंच टाकीला नळी जोडली, फरशीच्या कडंनं वर काढली अन् भिंतीतून सैपाकघरात नेली. सैपाकघर मोकळं दिसतंय म्हणून चतुराबाई खुश. मी चुलीवरची बाई, मी कशाला वाकून बघती?

त्या खोलीत वास सुटलता. सडक्या अंड्यागत. आमी सगळे म्हणलो, पेवात घूस मेली. बंकट म्हणला, "उद्या बघू." मी म्हणलं, ओव्याची धुरी झाली की वास जाईल. बाळंतिणीची बाज कुठं टाकली? त्याच खोलीत. फरशीला खेटून.

त्याच सकाळी ह्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र.

"आजी, तपासणीला आले."

मी म्हणलं, "काय तपासती? आमच्या पोरीचं लगीन होऊन लेकरू झालं."

"गॅसची तपासणी, आजी."

"सोयर हाय घरात. बाराव्यानंतर ये. अन् नळी इकायला आली असशील तर बाराव्यानंतर बी येऊ नको."

असं बोलले मी. खोटं कशाला सांगू, मॅडम हितंच बसल्यात, हसायल्यात बघा.

पण त्या गेल्या न्हाईत. नाक वर केलं. "वास कसला?"

"पेवात घूस मेलीया."

"टाकी कुठंय?"

"पेवातच हाय."

आयाबायांनो, त्या बाईच्या तोंडावरचं रगत उतरलेलं मी डोळ्यांनी बघितलं. अन् त्याच टायमाला मागच्या दारातून चतुराबाई आली, हातात घमेलं, घमेल्यात चुलीतले लाल इंगळ. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. एक पाय उचललेला.

मॅडम ओरडल्या, "थांब! मागं फिर! अंगणात ठेव ते!"

असलं ओरडणं मी उभ्या जन्मात ऐकलं न्हाई. चतुराबाईचा पाय हवेतच राहिला. मी म्हणलं, "माझ्या घरात माझ्या सुनंवर ओरडणारी तू कोण गं?" त्यांनी मला बाजूला सारलं, सोयर बियर काय बघितलं न्हाई, आत जाऊन लेकरू उचललं. बंकटला म्हणल्या, "काय ते नंतर इचारा, आधी पोरीला उचला. लाइटच्या बटनाला हात लावायचा न्हाई, मोबाइल बाहेर." बाळंतीण बाजंसगट लिंबाखाली. दारं-खिडक्या सताड उघड्या. चूल पाण्यानं विझवली. माझी चूल! लई वेळ कुणाला आत जाऊ दिलं न्हाई.

मग वारा फिरल्यावर बंकटकडून अलगद फरशी उचलून घेतली. स्वतः वाकून टाकी बंद केली, वर काढली, अंगणात आणून नळीला साबणाचं पाणी लावलं. फरशीखाली नळी चेपून फाटलती. तिथं असा फेस उकळायला लागला, उकळत्या दुधागत. मॅडम म्हणल्या, "आजी, हा गॅस वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, खड्ड्यात साचतो. तुमचं पेव भरलं होतं."

माझ्या सासूच्या काळापासून ते पेव काठोकाठ भरलेलं मी कधी बघितलं न्हवतं. त्या साली भरलं. अन् त्याच्यावर आमी बाळंतीण निजवली, अन् मी विस्तव मागवला.

मी रडले न्हाई. मला रडायला येत न्हाई. पण एक बघितलं. सगळं झाल्यावर मॅडम ओट्यावर बसल्या. चतुराबाईनं पाणी दिलं तर निम्मं अंगावर सांडलं. तवा मला कळलं, की एवढा टाइम ही पोर आमच्यापेक्षा जास्ती भ्यालती, अन् तरी आत गेली. मी उकिरड्याकडं तोंड करून मटकन बसले.

आता मॅडम लातूरला चालल्या, दुसऱ्या पोरींना हेच काम शिकवायला. लई चांगलं. पण जायच्या आधी मला गावाला एक इचारायचंय. ज्यांच्या घरी टाकी पेवात, खड्ड्यात, न्हाईतर फरशीखाली ठेवलेली हाय, त्यांनी हात वर करा. लाजू नका.

अगं बया!

एवढे हात? केशरबाई, तू बी? अन् वर्सभर माझ्याकडून ही गोष्ट ऐकून मान हलवत होतीस? खाली घेऊ नका हात, मॅडमला मोजू द्या.

आबासाहेब, तुमी अध्यक्ष, तुमी खाली का बघताय? बंकटला ही पेवाची आयडिया कुणी दिलती, ते मी स्टेजवर सांगणार न्हवते. पण तुमच्या घरात बी आता सून गरवार हाय. काल तुमच्या ओसरीवर बसलते, तवा आतून तसलाच वास आला मला. तुमी म्हणलात, "घूस मेली असंल, काकू." टाकी बघून घ्या म्हणलं, तर हसण्यावारी नेलंत. रातभर डोळा लागला न्हाई, म्हणून तर आज माइक मागून घेतला.

तर हार-तुरे ऱ्हाऊ द्या. शाल बी ऱ्हाऊ द्या, ऊन मरणाचं हाय. मॅडमनं पिशवी संगं आणलीया, मी बघितलीया. आबासाहेब, तुमी उठा. आधी तुमचं घर, मंग केशरबाईचं, मंग बाकीचे. घरी फोन नको, पोरगं पळवा, चूल विझवा म्हणावं, बटनाला हात लावू नका म्हणावं, अन् सुनंला अंगणात आणून बसवा. चहा नंतर. निरोप त्याच्या नंतर.

मॅडम, तुमाला दारातून हाकललं त्याबद्दल माफी मागायला मी उभी न्हाई. ते तुमी तवाच सोडून दिलं. आभार मात्र मानते, या सगळ्यांपुढं. अध्यक्षांना भर सभेत उठवलं, मोठ्यांना लहान बोलले, सरांचं थोडक्यात काय जमलं न्हाई, ते म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

अन् संस्कृती, तिला गप करू नको गं. रडू दे मोठ्यानं. लई गोड वाटतंय मला.