क्लासातून आलेला मुका कॉम्प्युटर

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईचं काय सांगू! लातुरात एका क्लासवाल्यानं जुने कॉम्प्युटर विकायला काढले, त्यातला एक मी आणला. आईचा गळा साथ देतोय तोवर तिची भजनं रेकॉर्ड करायची होती. सलीमभाईनं त्यावर लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकली, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम बसवला, पण आवाजच येईना. आई पेटी घेऊन ताटकळलेली. शेवटी मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून तो हसायलाच लागला.

"क्लासच्या सरांनी साऊंडच बंद करून ठेवलाय. पोरं गाणी ऐकत असतील!"

त्यानं तो चालू केला. आई गायली, मग स्पीकरमधून स्वतःला ऐकून म्हणाली, "अगं बाई, ही मीच हाय का?"

मी म्हणालो, "सलीमभाई, लई उपकार झाले."

"माझे कशाला? मशीनचे माना. इतकी वर्षं क्लासात काढून अजून गाऊन राहिलंय!"