गौरेशला उंचीची भीती नव्हती

—नाही हो साहेब, माझ्या सहीचा काय उपयोग? काजूचं भाट, ही मागची सगळी बागायत, यांच्या नावावर आहे, हे आले की करतील सही. बसा तुम्ही. वारा मोजायचा खांब ना? लावा. आमच्या लाटंबार्शात वाऱ्याला काय तोटा—जनेल उघडं ठेवलं तर भिंतीवर कॅलेंडर टिकत नाही. आणि पवनचक्कीचे फायदे तुम्ही मला सांगता? मीच सांगते! खाणी बंद पडल्या, यांचा ट्रक दारात गंजला, तेव्हा आमची चूल वाऱ्यानेच पेटती ठेवली. गौरेश, आमचा मुलगा, गदगकडे पवनचक्क्यांवर लागला ना! सांगायचा—जिथे कुसळ उगवत नव्हतं त्या जमिनीला भाडं येतं, रस्ते झाले, खानावळी झाल्या, गावातल्या मुली ऑफिसात बसतात. अख्ख्या वाड्यावर मी हेच मिरवत फिरायची.

हो, तोच. वरून पडला तोच गौरेश. पट्टा सुटला म्हणाले. सुटेल कसा? नीट लावलाच गेला नसणार—हात कापायचे त्याचे. मला ठाऊक होतं. चवथीला आला होता, गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायला स्टुलावर चढला आणि म्हणाला, “आई, धर मला.” स्टुलावर हो! मग चुलीपाशी येऊन बसला—“आई, मी परत जात नाही. वर गेलं की पाय माझे राहत नाहीत.” आणि मी काय केलं? हसले. “लोकांना काय सांगू?” म्हटलं. बाबांना सांगतो म्हणाला तर शपथ घातली—त्यांचं काळीज मोडेल म्हणून. त्यांचं कसलं मोडतंय! माझं मिरवणं मोडलं असतं. गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी मीच त्याला बसमध्ये बसवला, नेवऱ्यांचा डबा देऊन. मी हात हलवत राहिले—त्याने बघितलंसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी फोन आला, तो त्याच्या साहेबाचा.

यांना यातलं काही ठाऊक नाही. तीन वर्षं झाली. येईल त्याला सांगतात, आमच्या गौरेशला उंचीची भीती म्हणून नव्हती—आणि मी बाजूला उभी राहून मान डोलवते. तुम्हालाच का सांगितलं, देव जाणे...

फाटक वाजलं. आले वाटतं. साहेब, पाया पडते तुमच्या—अवाक्षर काढू नका.

—या हो, आलात? हे वाऱ्यावाले साहेब, सहीसाठी थांबलेत. मी त्यांना आपल्या गौरेशचंच सांगत होते, कसा सरसर चढायचा ते. तुम्ही सांगा ना. सांगा.