चुकीचं भाडं आणि अण्णांचा फोन

आदरणीय अध्यक्ष श्री. योगीराजजी, प्रमुख पाहुण्या आणि या सभागृहाच्या जुन्या शेजारी श्रीमती सुप्रीता मॅडम, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते श्री. शरच्चंद्र अण्णा आणि सौ. संध्याकाकू, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि महादेवपुऱ्यापासून जे. पी. नगरपर्यंत कुठून कुठून वाहतूक सोसत इंदिरानगरात वेळेवर, निदान जवळजवळ वेळेवर, पोहोचलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

माझं नाव शलाका. मूळची नागपूरची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि मागोमाग निवृत्त झालेल्या बाबांनाही घेऊन आले. समोर पहिल्या रांगेत, खुर्चीमागे उभे आहेत ते माझे बाबा, उमाकांत. कुणी त्यांना बसायचा आग्रह करू नका. ते का उभे आहेत, ते माझ्या बोलण्यात येईलच.

योगीराजजींनी या भाषणासाठी फोन केला तेव्हा मी नाही म्हटलं होतं. म्हटलं, निरोपाच्या समारंभात गोड बोलावं लागतं, आणि माझा अण्णांवर राग आहे. ते म्हणाले, "अण्णांनीच तुझं नाव सुचवलंय." आता यावर माणसानं काय करावं?

अण्णांचा परिचय मी काय देणार? सरकारी विमान कारखान्यात त्यांनी उभा जन्म तपासणी विभागात काढला. त्यांच्या हाताखालून गेलेला भाग विमानात बसायचा, आणि त्यांनी नाकारलेला भाग कुणाच्या ओळखीनं परत यायचा नाही. आपल्या मराठी मंडळातही तेच. निमंत्रणपत्रिकेतली वेलांटी चुकली तर पत्रिका परत. रंगमंचाची वायर सैल दिसली तर नाटक थांबलेलं आपण सर्वांनी पाहिलंय. अशा माणसाचं कौतुक लांबून करणं सोपं असतं. त्यांच्याबरोबर एकाच विमानाचं तिकीट काढून बघा म्हणजे कळेल.

बाबांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. ते चालू शकतात, उभे राहू शकतात, आडवे होऊ शकतात. बसू शकत नाहीत. थोडा वेळ बसले की पायात आग उतरते. आणि माझी प्रतिमाआत्या, बाबांची थोरली बहीण, टोरांटोला. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना आत्यानंच वाढवलं. तिच्यासाठी ते अजून कांतू. गेल्या काही वर्षांत आत्याची आठवण पुसट होऊ लागली. आधी शेजारी गेले, मग नातवंडांची नावं गेली. पण दर रविवारी फोनवर बाबांचा आवाज ऐकला की म्हणायची, "कांतू, कधी येतोस रे?" तिच्या सुनेनं मला बाजूला सांगितलं, "शलाका, यायचं तर लवकर या. ती ओळखतेय तोवर."

आता सांगा, बसू न शकणाऱ्या माणसानं टोरांटोला जायचं कसं? एकच मार्ग. बिझनेस क्लास, जिथं सीटचा पलंग होतो. त्याचं भाडं मी पहिल्यांदा पाहिलं आणि लॅपटॉप मिटवून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पण मी हट्टी आहे. क्रेडिट कार्डावर वर्षानुवर्षं साठवलेले पॉइंट घेऊन बसले. पॉइंट असले की सीट नसते. सीट असली तर एकच असते, आणि बाबांना एकटं पाठवता येत नाही. दोन दिसल्या, पैसे भरायच्या पानावर पोहोचले, तर पान म्हणालं, क्षमस्व, ही सीट आता उपलब्ध नाही. मग वरच्या वर्गासाठी बोली लावायची सोय असते ती करून पाहिली. तिथं बोली कुणापुढे हरलो हेसुद्धा सांगत नाहीत. कुणी म्हणालं, कोलंबोहून निघा, तिथून महागड्या वर्गाची भाडी उतरलेली असतात. माझं ऑफिसमधलं जेवण, बसमधला वेळ, सगळं या शोधात जायला लागलं. त्या दिवसांत मला कुणी "शलाका, कशी आहेस?" विचारलं तर मी भाडं सांगायचे.

अशात आपला सुशांत मदतीला आला. मंडळाचा प्रवासाचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तो सुशांत चालवतो. त्याचं लक्ष असतं ते चुकीच्या भाड्यांवर. म्हणजे विमान कंपनीत कुणीतरी संगणकात भाडं भरताना एखादं शून्य गाळतो, किंवा अधिभार जोडायचा विसरतो, आणि काही तास राजवाडा धर्मशाळेच्या दरात मिळतो. ते तास संपायच्या आत ज्यानं तिकीट काढलं, ते त्याचं. निदान तसं आम्ही समजत होतो.

तो रविवार आठवतोय ना? याच सभागृहात मासिक सभा. मसालेभाताची पंगत बसलेली, आणि सुशांत मोबाइल उंच धरून ओरडला, "कोलंबो-टोरांटो, बिझनेस! साध्या तिकिटापेक्षा स्वस्त! पटकन काढा!" अर्धी पंगत उठली. मी भाताचा हात साडीला पुसून बाबांचं आणि माझं तिकीट काढलं. बुकिंग झाल्याचा मेल आला तेव्हा मी बाबांच्या गळ्यात पडले. बाबांनी तिथूनच आत्याला फोन लावला. "ताई, येतोय गं. पुढच्या महिन्यात." पलीकडून आत्या इतक्या जोरात हसली की शेजारच्या पानावर ऐकू आलं.

संध्याकाकूंनीही काढलं. त्यांची मुलगी मुग्धा टोरांटोलाच. अण्णांच्या गुडघ्यांना सुख, म्हणाल्या. सुशांतनं सगळ्यांना बजावलं, "आता गप्प बसायचं. एअरलाइनला फोन करायचा नाही. जेवण कुठलं मिळेल, सीट कुठली, काहीही विचारायचं नाही."

अण्णांनी पानावरून मान वर केली. "का नाही विचारायचं?"

"त्यांच्या लक्षात येईल, अण्णा."

"म्हणजे चूक आहे, हे आपल्याला माहीत आहे."

ताक वाढायला आलेल्यानं ताक वाढलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्या कंपनीला फोन केला. कंपनीचं नाव मी घेणार नाही, ग्राहक मंचात तक्रार अजून चालू आहे. अण्णांनी त्यांना सांगितलं, "तुमच्या भाड्यात मला चूक दिसते. तपासा. चूक असेल तर माझं तिकीट रद्द करा, माझी हरकत नाही." पलीकडच्या मुलीनं तपासलं आणि म्हणाली, "सर, तिकीट कन्फर्म आहे. हॅपी जर्नी." झालं. अण्णा निश्चिंत.

आठवडा उलटायच्या आत आम्हा सगळ्यांना एकच मेल आला. तांत्रिक कारणामुळे आपलं तिकीट रद्द करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगिरी.

मी त्या कंपनीच्या कॉल सेंटरला किती फोन केले, ते माझ्या वरिष्ठांना न कळलेलं बरं. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. वडील, कणा, आत्या. "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न, मॅम." काय समजलं तुला, बाबा? एकानं मला पुढच्या प्रवासावर सवलतीचं कूपन देऊ केलं. साध्या वर्गाचं. कोलंबोपर्यंतची वेगळी तिकिटं काढली होती, तीही बुडाली.

मग सभा बोलावली. कुणी कंपनीला शिव्या घालतंय, कुणी सुशांतला. आणि अण्णा उठून उभे राहिले. "मी फोन केला होता," म्हणाले. त्यांनी सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भर सभेत ओरडले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का, अण्णा?"

"नाही," ते म्हणाले. "कुणी विचारणारही नव्हतं."

सुशांत म्हणाला, अशी भाडी कंपन्या बहुतेक वेळा स्वतःच पकडतात. दुसऱ्या शहरांतल्या लोकांचीही तिकिटं रद्द झाली होती. फोनमुळे झालं की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही. मला ते जास्त छळतं. रागाला निदान पक्का पत्ता तरी हवा ना?

सभा मोडल्यावर जिन्यात मी त्यांना गाठलं. "तुम्हाला पश्चात्ताप होतो का?" त्यांनी विचार केला. म्हणाले, "उमाकांतसाठी वाईट वाटतं. फार वाटतं. फोन केल्याचं नाही." मित्रहो, या उत्तरावर कुणी कसं भांडावं? मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

ते मात्र आमच्या घरी येत राहिले. मी दार उघडून आत निघून जायची, आणि बाबा म्हणायचे, "या अण्णा." तीन-चार महिने गेले. फोनवर आत्या अधूनमधून बाबांना "कोण बोलतंय?" विचारू लागली. एका रविवारी बाबांनी तीनदा नाव सांगितलं, आणि तिनं फोन सुनेकडे दिला.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "मी साध्या वर्गानं जातो." डॉक्टर नको म्हणाले. मी नको म्हणाले. माझी रजाही संपली होती. अण्णा तिथेच होते. "स्वल्प, जरा थांब, शलाका," ते नेहमीच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले. "आम्हाला मुग्धाकडे जायचंच आहे. आम्ही नेतो."

आणि नेलं. वाटेत दोन ठिकाणी मुक्काम करत, साध्या वर्गानं. संध्याकाकूंनी मला नंतर सांगितलं. बाबा विमानाच्या शेवटी, प्रसाधनगृहाजवळ, उभे राहायचे, आणि त्यांच्याशेजारी आपले दुखरे गुडघे घेऊन अण्णा. हवाईसुंदरी बसायला सांगायची, अण्णा समजावायचे, विमान हलायला लागलं की दोघं बसायचे, थांबलं की पुन्हा उठायचे. अटलांटिक महासागर या दोघांनी असा उभ्यानं ओलांडला. बाबा टोरांटोला उतरले तेव्हा त्यांना चालता येत नव्हतं. व्हीलचेअरवर बसताना ते ओरडले, असं काकू म्हणाल्या.

आत्याला तोवर वृद्धाश्रमात ठेवलं होतं; तिथून अण्णांनी मला व्हिडिओ कॉल लावला. खिडकीपाशी आत्या, तिच्यासमोर बाबा. आत्यानं बाबांकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे उभ्या अण्णांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. अण्णांचा हात धरला. "कांतू! आलास?"

मी इकडे महादेवपुऱ्यात, ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीत, काचेआड. मी ओरडले, "अण्णा, हो म्हणा! हो म्हणा ना!"

अण्णा खाली वाकले. "ताई, मी शरच्चंद्र. कांतू हा." आणि तिचा हात बाबांच्या हातात दिला.

आत्यानं बाबांना निरखून पाहिलं. "हा? हा तर म्हातारा आहे."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. ते तिथे होते तितके दिवस रोज हेच झालं. ती अण्णांना कांतू म्हणायची, अण्णा रोज दुरुस्ती करायचे. शेवटी मी फोनवर रडतच विचारलं, "एकदा हो म्हटलं तर काय बिघडेल हो तुमचं? तिला तेवढाच आनंद!"

अण्णा म्हणाले, "मी कांतू झालो, तर मग हा कोण राहिला?"

निघायच्या दिवशी आत्यानं बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही चांगले आहात. रोज येता. एकदा आमच्या कांतूलाही घेऊन या." हे बाबांनी मला घरी आल्यावर सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

ती तिकिटं रद्द झाली नसती, तर आत्या ओळखत होती तोवरच बाबा तिला भेटले असते. हे मी कसं विसरू? कंपनीविरुद्धची तक्रार तारखांवर तारखा घेत पडून आहे. त्या प्रवासानंतर बाबा महिनाभर अंथरुणाला खिळले, आणि डॉक्टरांनी आता साध्या वर्गानं पुन्हा जायचं नाही म्हणून बजावलंय. या सगळ्यात मी कुणाला क्षमा केलेली नाही, अण्णा, तुम्हालाही पूर्ण नाही. पण तुमच्या खांद्याला धरून माझे बाबा समुद्र ओलांडून गेले, हेही मी नाकारू शकत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मला एकत्र ठेवता येत नाहीत.

आता अण्णा आणि काकू कायमचे मुग्धाकडे निघाले. आत्याचा वृद्धाश्रम मुग्धाच्या घरापासून बसनं जाण्यासारखा आहे. अण्णांनी दर रविवारी जायचं ठरवलंय. आम्ही मागितलं नव्हतं. आज इथं येताना गाडीत, पुढची सीट मागे पाडून आडवे झालेले बाबा त्यांना म्हणाले, "अण्णा, ताईनं विचारलं, कांतू कुठाय, तर येतोय म्हणा."

अण्णा म्हणाले, "सरी, बरं. तू तिकीट काढ. मग म्हणतो."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. म्हणून मंडळी, मी पुन्हा शोधायला लागले आहे.

अध्यक्ष महोदयांनी एवढा वेळ दिला, सुप्रीता मॅडमनी समजत नसलेलं मराठीही मन लावून ऐकलं, आपण सर्वांनी जेवण थंड होऊ दिलं, याबद्दल मनापासून आभारी आहे. निरोपाच्या दिवशी बोलू नये असं काही बोलून गेले असेन, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. अण्णा, काकू, सुखरूप जा. नमस्कार.