दिवे लागले की

बाबा : दुसरा गिअर तिला एकदम टाकलेला चालत नाही. आधी तिसऱ्याला जरा हात लावून यायचं, मग हळूच दुसरा. ओढाताण केलीस की रुसते.

लेक : बाबा, ही गाडी आहे का तुमची आत्या?

बाबा : आत्याचं मी एवढं कधी ऐकलं नाही. शेजारच्या दाराची काच वर घेताना तळव्याने आधार द्यायचा. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, त्याच्या नादी लागू नकोस. डिकी अडली तर गुडघ्याने एक ढुशी. हलकीच. आणि चालवणाऱ्याचं दार आतून उघडत नाही, काच खाली करून हात बाहेर घालायचा.

लेक : झालं? आता मी बोलू? तुमची ही लाडकी गाडी, ही डबी, मला का देताय?

बाबा : जुनी झाली.

लेक : जुनी ती मी कॉलेजात असल्यापासून आहे. मागे शेजारच्यांनी नुसतं विचारलं, ‘विकणार का हो’, तर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हतात. माझ्या दवाखान्याचं निम्मं सामान हिच्यातून वाहिलंत तुम्ही. आणि आज अचानक फोन करता, ये आणि घेऊन जा म्हणून?

बाबा : बापाने दिलेलं निमूट घ्यावं. तुम्हा दातांच्या डॉक्टरांना दुसऱ्याचं तोंड उघडायची सवयच असते.

लेक : मग उघडा की. आ करा. काय झालंय?

बाबा : आईला सांगणार नाहीस?

लेक : आधी ऐकू तर द्या.

बाबा : आधी कबूल कर.

लेक : बरं बाबा, नाही सांगत.

बाबा : माझे डोळे चाललेत.

लेक : म्हणजे?

बाबा : दिवसा ठीक असतं. दिवे लागले की मग समोर काही उमटत नाही. रस्त्याची कड कुठे संपली, समजत नाही. परवा दुकानातून येताना एक बाई अगदी नाकासमोर आल्यावर दिसली मला. हातातल्या पिशवीसकट रस्त्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी ब्रेक दाबला तो इतका, की डबी बंद पडली. तिथेच ठरवलं, बस झालं. आपल्यामुळे कुणाचं बरंवाईट नको.

लेक : पण दुकानात तर तुम्ही अजून मनगटी घड्याळं उघडून बसता! मला धड दिसत नाहीत ते स्क्रू.

बाबा : जवळचं माझ्या काकालाही दिसायचं. त्याचंही रात्रीच सुरू झालं होतं. आधी अंधारातलं गेलं, मग दिवसाचं, मग माणसं. शेवटी शेवटी आवाजावरून ओळखायचा तो आम्हाला.

लेक : डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात?

बाबा : नाही.

लेक : का?

बाबा : त्याने सांगितलं की ते खरं झालं. तोवर आपला संशयच आहे ना.

लेक : धन्य आहे तुमची! माझ्याकडे असले पेशंट आले की मी कशी फैलावर घेते, माहीत आहे ना? उद्या सकाळी मी येते आणि तुम्हाला घेऊन जाते. ऐकून घेणार नाही.

बाबा : बघू.

लेक : बघू नाही, जायचं. आणा ती किल्ली. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन हवा भरून आणते, तेवढाच हातही बसेल. आणि असा चेहरा घेऊन वर जाऊ नका, आईला एका नजरेत कळेल.

बाबा : मी इथेच थांबतो. सावकाश जा. ती म्हातारी आहे, शर्यत लावू नकोस.

(थोड्या वेळाने. अंधार पडला आहे. गाडी इमारतीच्या आवारात परत येते. आईही खाली आली आहे.)

लेक : दार उघडा! बाहेरून उघडा आधी!

आई : अगं हो हो. एवढ्यात परत? पंप बंद होता का?

लेक : पंपापर्यंत पोचले कुठे! कोपऱ्यावर वळले आणि पुढे सगळा आनंदीआनंद. काही म्हणजे काही दिसेना. दुभाजकाला चाक घासलं तेव्हा कळलं की तिथे दुभाजक आहे. बाबा, अशी गाडी तुम्ही रात्री चालवत होतात? कशी?

बाबा : तुला... तुलाही दिसलं नाही?

आई : तुलाही म्हणजे? आणखी कुणाला दिसत नाही?

बाबा : तू थांब गं जरा. नीट सांग मला. काय दिसलं नाही?

लेक : रस्ता! दिवे लावले तरी गाडीपुढे नुसता पिवळट धूर. हात पुढे धरून चाचपडावं तसं वाटत होतं.

बाबा : पिवळट. बरोबर. तस्संच. अगदी तस्संच.

लेक : मागे व्हा, मला पुढून बघू दे... अरे देवा. बाबा, या इकडे. या दिव्यांवरची काच बघा. काच कसली, ताकाचा पेला झालाय. आतला बल्ब तरी दिसतोय का?

बाबा : पण स्वच्छ आहे की. धूळ कणभर नाही. डबीवर कधी धूळ नसते.

आई : असेल कशी? मी पुसते ना! दर रविवारी. दिवे पिवळे पडायला लागले तेव्हापासून तर जास्तच घासते. तारेची घासणी, भांड्यांची पावडर. हात दुखेस्तोवर घासते.

लेक : कशाने घासतेस?

आई : तारेच्या घासणीने. का?

लेक : आई! हे प्लॅस्टिक आहे! याला तू करपलेल्या पातेल्यासारखं घासतेस? वरचा सगळा थर खरवडून टाकलायस. मी रोज घसा फोडून लोकांना सांगते, दात जोरात घासू नका, चकाकी जाते. आणि आमच्याच घरी हे!

आई : मला काय माहीत? पिवळं दिसलं की मी घासते. तुझे बाबा कधी म्हणाले का, घासू नको म्हणून? आणि तुलाही म्हणजे काय, ते सांगा आधी. विषय बदलू नका.

बाबा : काही नाही गं.

लेक : बाबा, तुम्ही सांगताय का मी सांगू?

बाबा : तू कबूल केलं होतंस.

लेक : केलं होतं. म्हणून तर तुम्हाला सांगायला लावतेय.

बाबा : मला वाटलं, माझे डोळे गेले. काकासारखे.

आई : कधीपासून वाटतंय हे?

बाबा : थंडी सुरू व्हायच्या आधीपासून.

आई : आणि मी काय समजत होते, ठाऊक आहे? गाण्याच्या वर्गाला सोडायला येईनासे झालात. माझ्या ताईकडे जेवायला बोलावलं तर डोकं दुखतंय. संध्याकाळ झाली की घरात बसून राहायचं. मला वाटलं, माझा कंटाळा आला या माणसाला. उशीत तोंड खुपसून रडलेय मी, आहे पत्ता?

बाबा : वेडी आहेस का? तुझा कसला कंटाळा?

आई : मग सांगायचं ना! संसार काय घड्याळ आहे, झाकण लावून एकट्याने खुडबुडत बसायला?

लेक : आई, भांडण मागाहून कर. घरात टूथपेस्ट आहे का? पांढरी, साधी. आणि मऊ फडकं. मऊ म्हणतेय, घासणी नाही!

आई : आणते. टोमणे नकोत.

बाबा : टूथपेस्टने काय होणार?

लेक : माझ्या स्कूटरच्या दिव्याला केलं होतं मी. आधी एकच दिवा करू, म्हणजे फरक कळेल... ही बघा, आली पण. धावत आलीस का? बाबा, तुम्ही चोळा, तुमचा हात हलका आहे. असं गोल गोल. अजून. आई, पाणी ओत. हं. आता आत बसा आणि दिवे लावा.

बाबा : लावू?

लेक : लावा हो! लग्नाची अंगठी घालताय का?

आई : लागले. अगं बाई. एका बाजूला केवढा लख्ख!

लेक : बाबा, समोरची भिंत बघा. खालच्या बाजूला काय लिहिलंय?

बाबा : ‘येथे गाडी लावू नये.’

लेक : वाचलंत?

बाबा : वाचलं. खाली छोट्या अक्षरांत ‘आज्ञेवरून’ आहे. त्याच्याही खाली कुणीतरी चेंडू आपटलाय, त्याचा डाग आहे. दुसऱ्या बाजूला काहीच दिसत नाही. या बाजूला सगळं दिसतंय. अगं, मला सगळं दिसतंय.

आई : अहो, रडताय काय? चष्म्यावर पाणी येईल, मग पुन्हा म्हणाल दिसत नाही.

बाबा : रडू दे थोडं. फुकटचं ओझं वाहिलंय मी इतके महिने.

लेक : उद्या डॉक्टरकडे मात्र जायचंच. ते काही सुटलं नाही.

बाबा : जाऊ की. आता कशाला घाबरू? सकाळी सकाळीच जाऊ. आण ते फडकं, दुसराही पुसून टाकतो.

लेक : आणि डबी? मी नेऊ?

बाबा : कुठे नेतेस? दुसरा गिअर तुला जमायचा नाही.

आई : मी काय म्हणते, ताईने आजही बोलावलंय जेवायला. मी ‘जमणार नाही’ असं कळवलं होतं, तुमचं डोकं दुखतंय म्हणून.

बाबा : फोन कर. निघालो म्हणावं.

लेक : जा तुम्ही दोघं. मी बसने जाते घरी. आई, पुढे बस, आणि त्यांच्यावर नजर ठेव. बाबा, सावकाश.

आई : बसले. चला... अहो, तो खड्डा.

बाबा : दिसला.

आई : सायकलवाला.

बाबा : दिसला गं. मागे दप्तर लावलंय त्याने.

आई : तांबडा सिग्नल. थांबा.

बाबा : थांबलो.

आई : मग पुढे बघा की. माझ्याकडे काय बघताय?

बाबा : सुटू दे सिग्नल. तोवर बघतो.